घोषणा देण्यात आली

मोर्च्यात माझा उपयोग एकच, आवाज. भोकरदन तालुक्यात गायरानाच्या प्रश्नावर आमचे जेवढे मोर्चे निघाले, त्यात लाऊडस्पीकर बंद पडला की लोक मला पुढं ढकलतात. दुसरा उपयोग पत्रकं लिहायचा. ती जुन्या जालन्यात, मस्तगडच्या बाजूला एका छापखान्यात छापून होतात. छापखान्याचे मालक दर वेळी कागद हातात घेतात आणि म्हणतात, "ताई, उद्गारचिन्हं जराशी कमी करा ना. वाचणाऱ्याला दम घ्यायला जागा न्हाई." मी एकही कमी करत नाही. जमीन गेल्यावर दम घेऊन काय करायचं?

हे आधीच सांगून टाकते. कारण युगांडातल्या एका जंगलात मी एका मुलीची नोकरी माझ्या आवाजानं जवळजवळ घालवली होती, आणि जी काही वाचायची शक्यता होती ती माझ्या लिहिण्यानं घालवणार होते.

तिथं मी जंगल बघायला गेले नव्हते. जमिनीच्या हक्कावर काम करणाऱ्या वेगवेगळ्या देशांतल्या लोकांची एक बैठक होती. आमच्या संघटनेतून मी आणि सर, असे दोघं. सर म्हणजे रिटायर झालेले विज्ञानाचे शिक्षक. माझं इंग्रजी चार वाक्यांनंतर पंक्चर होतं, म्हणून संघटनेचे कागद तेच इंग्रजीत करतात. उरलेल्या वेळात ते पक्षी बघतात. बैठक संपली आणि शेवटच्या दिवशी आयोजकांनी जंगलाची सहल ठेवली. चिंपांझी दाखवणार म्हणे.

जंगल हा शब्द ऐकला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आमच्याकडं गावच्या सामाईक चराईच्या जमिनीवर, गायरानावर, भूमिहीन माणसं दोन-दोन पिढ्या पिकं काढतात. आमच्या बौद्ध वस्तीतली निम्मी घरं त्याच्यावर जगतात. कागदावर नाव नाही. मग कधी कुणाला तिथं झाडं लावायची हौस येते. चर खोदले जातात, रोपं लागतात, उन्हाळ्यात रोपं मरतात, आणि आमची माणसं मात्र अतिक्रमण करणारी ठरतात. म्हणून मी सरांना म्हणाले, "मला न्हाई बघायची माकडं."

"मी कुठं माकडं बघायला चाल्लो? मी पक्षी बघायला चाल्लो. तू बस हॉटेलात, सरकारला शिव्या देत."

"कोणत्या सरकारला? इथल्या?"

"तुला काय फरक पडतो? तुला कोणतंही चालतं."

मी गेले, पण वही घेऊन गेले. पत्रकाचा मथळा बसमध्येच तयार झाला होता: माकडाला महाल, माणसाचे हाल! आता फक्त पुरावे गोळा करायचे होते.

जंगलाच्या तोंडाशी एक छोटं ऑफिस, बाहेर लाकडी बाकं. आम्हाला नेणारी वाटाडी माझ्याच वयाची मुलगी होती. केस बारीक कापलेले, रबरी बूट, साधा खाकी शर्ट. आमच्याबरोबर आणखी तीन परदेशी पाहुणे होते, त्यातल्या एका उंच माणसाच्या गळ्यात हातभर लांब कॅमेरा. सगळ्यांच्या मागं एक वयस्क वनरक्षक, खांद्यावर बंदूक, हत्ती आडवा आला तर हवेत बार उडवायला. पण त्याच्या हातात एक वहीही होती, आणि ती मुलगी काहीही बोलली की तो त्यात लिहायचा. सरांनी तिला विचारलं, हे काय लिहितायत?

तिनं सरळ सांगितलं. तीन महिने ती कच्च्या नोकरीवर होती आणि आज शेवटचा दिवस. हे थोरले आज तिच्याबद्दल लिहिणार. चांगलं लिहिलं तर ती पक्की होईल, नाही लिहिलं तर परत तिकडं. तिकडं म्हणून तिनं हनुवटीनं समोरची टेकडी दाखवली. जंगल जिथं संपत होतं तिथून चहाचे मळे सुरू होत होते, कात्रीनं कापल्यासारखे सपाट. तिची आई अजून तिथं पानं खुडते.

मला पुरावा पाहिजे होता. मी सरांना म्हणाले, विचारा, या जंगलातून माणसं हाकलली का?

सरांनी डोळे मिटले, मग विचारलं. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "हो. माझ्या आजोबांची केळी आत होती. आता नाहीत. चला, उशीर होतोय."

मी पेन काढून उभी. असं उत्तर मला कुणी कधी दिलं नव्हतं. इतकं छोटं.

मग तिनं नियम सांगितले. पँट मोज्यांत खोचा, मुंग्या चढतात. चिंपांझी दिसले की मास्क लावा, आपला सर्दी-खोकला त्यांना मारू शकतो. पळू नका. आणि आवाज अजिबात नाही, कुजबुज फक्त. सर मराठीत म्हणाले, "आरडाओरड करायची न्हाई. हे खास तुझ्यासाठी."

"कळलं, सर."

"न्हाई, परत सांगतो."

"सर!"

"बघ. हेच."

आमच्याकडं शेताला रान म्हणतात. 'आई रानात गेली' म्हणजे कापूस वेचायला गेली. लहानपणापासून मी रोज रानात गेलेली. बाभळी, कडुलिंब, बांधावरचा एखादा पळस, आणि मधे नजर जाईल तिथवर मोकळं. माझ्या डोक्यात झाड म्हणजे एक झाड असतं, ज्याच्या खाली भाकरी खायची. त्या दिवशी पन्नास पावलं आत गेले आणि मला झाडं दिसायची बंद झाली. नुसतं जंगल राहिलं. कुठलं झाड कुठं संपतं आणि त्याच्यावरची वेल कुठं सुरू होते, वेलीवर उगवलेलं तिसरंच काय आहे, काही ठरवता येईना.

उजेड वरून येत नव्हता, सगळीकडून येत होता, हिरवा. मी विहिरीत पोहायला शिकले. खाली बुडी मारून डोळे उघडले की जो उजेड दिसतो, तो उजेड. आपण पाण्याखाली आहोत आणि तरी श्वास चाललाय, याचंच मला थोडा वेळ नवल वाटत राहिलं.

एका झाडापाशी ती थांबली. त्याची मुळं जमिनीत नव्हती, जमिनीवर उभी होती. माझ्या डोक्याच्याही वर गेलेल्या पातळ भिंती, खोडापासून चारी बाजूंना पसरलेल्या. दोन भिंतींच्या मधे आमच्या घरातली पुढची खोली आरामात बसली असती. मी मान मागं टाकून वर बघायला लागले, बघतच गेले, आणि शेवटी तोल जाऊन मागं सरकले. शेंडा दिसलाच नाही. खोडाला हात लावला तर गार. म्हशीच्या पाठीसारखं ओलसर, जिवंत गार.

मला सगळं वाढवून लिहायची सवय आहे. दहा माणसं आली तर शेकडो, गर्दी झाली तर जनसागर. इथं मी वही उघडली आणि मला शब्द वाढवता येईनात. होतं तेवढं लिहिलं तरी घरी कुणी खरं मानणार नव्हतं.

वर कुठंतरी मोठा आवाज सुरू झाला. हुश्श, हुश्श, हुश्श. लोहाराचा भाता कुणीतरी आभाळातून ओढत नेतंय असा. मी खाली वाकले. सर हसले. "पंख आहेत ते. धनेश आहे." खरंच, पानांच्या फटीतून एक काळापांढरा पक्षी गेला. चोचीवर दुसरी चोच ठेवलेली. तो जाऊनही आवाज जात नव्हता.

आणि मग तो निळा. कोंबड्याच्या आकाराचा, डोक्यावर काळा तुरा, पिवळ्या चोचीला लाल टोक. उडत नव्हता. फांदीवरून खारीसारखा पळत होता. थांबायचा, मान वळवायचा, परत पळायचा. अशा निळ्या रंगाचं काही मी कापडाच्या दुकानातसुद्धा पाहिलेलं नव्हतं. सरांनी दुर्बीण माझ्या हातात दिली. स्वतःची दुर्बीण सर कुणालाही देत नाहीत.

"काय नाव?" मी कुजबुजले.

"मराठीत न्हाई नाव याला." सर फांदीवरून नजर काढत नव्हते. "माझ्याकडं न्हाई."

"निळा कोंबडा म्हणू."

"तू काहीच म्हणू नको. नुस्तं बघ."

पुढं त्या मुलीनं हात वर केला. आम्ही मास्क लावले. ती कानानं चालत होती, पायानं नाही. चार पावलं, थांबा. तीन पावलं, थांबा. शेवटी तिनं बोट न दाखवता हनुवटीनं दाखवलं.

उंबरासारखं झाड होतं, फळांनी लगडलेलं, आणि त्याच्या खाली एक जण आडवा पडला होता. एका पायावर दुसरा पाय टाकून, डोक्याखाली हात घेऊन. दुपारी गावच्या पारावर म्हातारे पडतात, हुबेहूब तसा. तो तोंडात फळाचा लगदा चघळत होता. रस संपला की खालचा ओठ पुढं काढायचा, त्या ओठाच्या पसरट वाटीत चोथा घेऊन तो नीट बघायचा, अजून काही उरलंय का म्हणून, आणि परत तोंडात घ्यायचा. आम्ही उसाचं कांडं असंच खातो, शेवटपर्यंत, लाज न बाळगता.

वर फांद्यांत आणखी सात-आठ होते. एक आई होती, तिच्या पोटाला एक पिल्लू. पिल्लानं एक हात सोडून फळाकडं नेला. आईनं तो हात न बघता धरून परत जागेवर ठेवला. मी आयुष्यात कित्येक बाया हे करताना पाहिल्यात, बसमध्ये, दवाखान्यात, मोर्च्यात. अगदी तसंच, न बघता.

मग तो खालचा उठून बसला आणि त्यानं माझ्याकडं बघितलं.

कसं सांगू. मी तहसीलदारांशी डोळ्याला डोळा भिडवून बोललेली बाई आहे. समोरच्यानं आपल्याकडं बघावं म्हणून माझं सगळं काम चालतं. त्याचे डोळे तपकिरी होते आणि त्यांच्या आत कुणीतरी होतं. त्यानं मला पूर्ण पाहिलं. बूट, मोज्यांत खोचलेली पँट, वही. मग त्याचं बघून झालं आणि तो पायाचं नख कोरायला लागला. मला अपमान वाटला नाही. माझ्या अंगावर काटा आला. त्याच्या हातावर रेषा होत्या, नखं आपल्यासारखी. माकड हा शब्द मी मथळ्यात घातला होता, त्याची मला तिथं उभ्या उभ्या शरम वाटली.

पुढचं घडलं ते अर्ध्या मिनिटात.

दूर, डावीकडून, एक हाक आली. हू. हू. हू. बारीक, लांबची. आमच्या झाडावरचे सगळे एकदम ताठ झाले. मग खालच्यानं तोंड पुढं काढलं आणि सुरू केलं. आधी खाली, घशात, हू... हू... मग जरा वर, मग आणखी वर, एकेक पायरी चढत, वेग वाढवत, आणि झाडावरचे सगळे त्याच्यात मिसळत गेले. माझ्या छातीत ते वाजायला लागलं. मला ही चढण ओळखीची होती. मोर्च्यात घोषणा देणारा अशीच चढवतो. 'कोण म्हणतं देणार न्हाई?' आवाज टोकाला नेतो आणि तोडतो. तिथं एका श्वासाची जागा असते. ती जागा लोकांची. ती रिकामी राहिली तर घोषणा पडते, आणि घोषणा पडू द्यायची नाही हे माझ्या हाडात बसलेलं आहे.

तो टोकाला गेला आणि थांबला.

"घेतल्याशिवाय राहणार न्हाई!"

मुठीसकट. मास्कमधून. एक नंबर आवाजात.

सगळं जंगल बंद पडलं. किडेसुद्धा. सरांचं तोंड उघडं होतं. आणि मग झाडावरून किंकाळ्या कोसळल्या. पिल्लं आयांना चिकटली, फांद्या मोडल्या, वरून ओलं काहीबाही पडलं. खालचा उभा राहिला होता. त्याच्या अंगावरचा केस न् केस उभा झाला आणि तो मघापेक्षा दुप्पट दिसायला लागला. त्यानं एक मोठी फांदी ओढली आणि ती फरफटत तो सरळ आमच्याकडं पळत आला.

मी पळणार होते. तिनं माझ्या पिशवीचा पट्टा धरला, मला एका खोडाच्या बाजूला ओढलं आणि माझ्याबरोबर स्वतःही गुडघ्यावर बसली. तिचा हात माझ्या खांद्यावर होता, जड, स्थिर. बाकीच्यांना तिनं नुसत्या तळव्यानं जागेवर थांबवलं. तो माझ्यापासून हातभर अंतरावरून गेला. आंबलेल्या फळांचा, ओल्या पोत्याचा, घामाचा वास. गेला, आणि तिथल्याही एका झाडाच्या भिंतीसारख्या मुळांवर त्यानं दोन्ही पायांनी असा ठोका दिला की जमीन माझ्या गुडघ्यांत वाजली. धडाड धडाड. हलगी म्हणतो आपण, ती काहीच नाही.

मग ते गेले. सगळे. एक पान तेवढं हलत राहिलं.

मी घाबरले होते, पण खरं सांगते, मी तशीच बसून राहिले असते. इतकं मोठं काही माझ्या इतक्या जवळून कधी गेलं नव्हतं.

आम्हाला एक तास मिळणार होता, त्यातली दहा मिनिटं झाली होती. उरलेला वेळ आम्ही शोधत फिरलो आणि ते परत दिसले नाहीत. ऑफिसपाशी आलो तसा कॅमेऱ्यावाला उंच माणूस थोरल्या वनरक्षकाकडं गेला. त्याचा फोटो राहिला होता. या मुलीला माणसं सांभाळता येत नाहीत, अशी लेखी तक्रार त्यानं बाकावर बसून दिली. ती बाजूला उभी होती. पँटीला गुडघ्यांवर चिखल. 

थोरला माझ्याकडं आला आणि एक कोरा कागद पुढं धरला. जी ओरडली तिनं काय झालं ते लिहून द्यावं.

लिहायचं म्हटल्यावर मला धीर आला. निवेदन म्हणजे माझा हातखंडा. मी बाकावर बसले आणि मराठीत झरझर लिहायला लागले, सर शेजारी बसून दुसऱ्या कागदावर इंग्रजी करायला लागले. पहिलंच वाक्य: 'उपरोक्त विषयास अनुसरून निवेदन करण्यात येते की, प्रशासनाच्या हलगर्जीपणामुळे आज सकाळी घोषणा देण्यात आली.'

सरांचा पेन थांबला.

"प्रशासन म्हणजे कोण लिहू?"

"प्रशासन म्हणजे... प्रशासन."

"इथं म्हातारा मागं होता. पुढं कोण होतं?"

मी वर बघितलं. प्रशासन खांबाला टेकून उभं होतं, बुटावरची एक मुंगी काढत.

मी ते दोन शब्द खोडले. आता उरलं, 'आज सकाळी घोषणा देण्यात आली.'

"कुणी दिली?" सर म्हणाले.

"सर, आपण असंच लिहितो."

"लिहितो. मीच शिकवलंय तुला. पण कुणी दिली?"

हजार वेळा लिहिलेलं वाक्य आहे हे. करण्यात आलं, देण्यात आलं, काढून टाकण्यात आलं. समोरचे तसं लिहून सुटतात म्हणून मी चिडते, आणि मीही तसंच लिहिते. तिसऱ्या ओळीवर मी लिहिलं, 'मी ओरडले.' दोन शब्दांना जेवढा वेळ लागला तेवढा कधी पानाला लागला नसेल. मग पुढचं आलं. तिनं आधी नियम सांगितला होता. मला तो मराठीत दोनदा समजावला होता. मला तो कळला होता. तरी मी ओरडले, कारण मला उत्तर द्यायची सवय आहे. आणि शेवटी, उपकाराची फेड म्हणून: 'सदर महिला कर्मचाऱ्याने स्वतःच्या जिवाची पर्वा न करता माझ्यासमोर उभे राहून माझे प्राण वाचवले!'

सरांनी इंग्रजी प्रत थोरल्याला दिली. त्यानं वाचली आणि तिच्याकडं दिली. तिनं उभ्यानंच वाचली. मग माझ्याजवळ येऊन हात पुढं केला. पेन.

"हे चूक आहे," ती म्हणाली. "मी समोर उभी नव्हते. बाजूला बसले होते. समोर उभं राहणं म्हणजे त्याचा रस्ता अडवणं. ती चूक असते, आणि ती मी केली नाही." तिनं तेवढे शब्द खोडले. मग आणखी एका जागी पेन टेकवला. "आणि हे. जिवाची पर्वा न करता. मी केली पर्वा. माझ्या जिवाची पण."

"घे," सर मराठीत पुटपुटले. "छापखान्यावाला बरा होता."

तिनं उद्गारचिन्हही खोडलं. उरलेल्या मजकुराखाली मी सही केली.

थोरला कागद घेऊन आत गेला. आम्ही बाहेर. ती खांबापाशी उभी, मी बाकावर, मधे दहा पावलं. मी जाऊन माफी मागितली. तिनं ऐकून घेतली. ठीक आहे म्हणाली नाही, आणि मीही म्हणायला लावलं नाही. टेकडीवर चहाच्या मळ्यात माणसं ठिपक्यांसारखी हलत होती. तिची नजर तिकडं एकदाही गेली नाही. ती दाराकडं बघत होती.

तो बाहेर आला. त्यानं दोन्ही कागद, तक्रार आणि माझं निवेदन, एकाच टाचणीनं जोडले होते. निवेदनाच्या खाली त्याच्या अक्षरात दोन ओळी होत्या. तो त्यांच्या भाषेत तिला काहीतरी म्हणाला आणि कागद तिच्या हातात दिले. तिनं वाचलं. परत पहिल्यापासून वाचलं. मी सरांचा हात धरला, त्यांनी मान लांब करून तिच्या खांद्यावरून पाहिलं.

"काय लिहिलंय?"

"पाहुणीनं नियम मोडला, असं त्यानं लिहिलंय." सर सावकाश वाचत होते. "वाटाडीनं मोडला न्हाई. उद्यापासून पक्की."

तिनं कागदांची घडी केली, माझा पेन खिशाला लावला आणि जेवायला निघून गेली.